जोडी अपूर्ण

ग्विदो, पेन खिशात ठेव. इथे फक्त पेन्सिल.
खाली लोक येतात, काचेमागचे अकरा हातमोजे बघतात
आणि कॉफी प्यायला जातात.
उरलेले तीनशे एक इथे, अंधारात,
आपल्या विभागाच्या ओळखीवर जगतात.
त्यांना हात लावायचा तर आपणही हातमोजे घालायचे.
हस, हस. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

नवीन काही आलं की आधी पंधरा दिवस
उणे तीसच्या पेटीत. म्हणजे कसर मरते.
हिशेबातली मरत नाही,
ती वर्षअखेरीला तुला भेटेलच.

मग कार्ड.
गाव कुठलं, लोकर कुठल्या मेंढीची, लाल रंग कशाचा,
कुणाच्या लग्नात वाटले,
कुणाला खांदा देताना कुणी घातले.
माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं.
एवढं लिहायला शिकण्यात माझी नऊ वर्षं गेली.
तोवर मी ‘बहुधा’ लिहीत होते.

हा दोनशे सात. डावा.
अंगठ्याशी रफू आहे, वेगळ्या हाताचं, घाईतलं.
कार्डावर माझ्या आधीच्या बाईंचं अक्षर: जोडी अपूर्ण.

मागच्या फेब्रुवारीत झिगुर्ड्स नावाचा माणूस आला,
लिएपायाच्या बंदरात क्रेन चालवतो.
त्याने खिशातून उजवा काढला.
तोच लाल, तेच आठ पाकळ्यांचं चांदणं.
समितीच्या तीन बैठका झाल्या:
दान म्हणावं, खरेदी, की उसनवार?
तो म्हणाला, द्यायचा नाहीये हो.
नुसता शेजारी ठेवून बघायचाय.

ठेवले. या टेबलावर. दहा मिनिटं.
पेटीत न घालता, अर्ज न भरता,
सगळे नियम मोडून. हे कुणाला सांगू नकोस.
तो काहीच बोलला नाही. मी घड्याळ बघत होते
आणि कुणी येऊ नये म्हणून दाराकडे.
मग त्याने आपला उचलला, हातात चढवला
आणि दुसरा हात खिशात घालून
बर्फात निघून गेला.

तेव्हापासून हे कार्ड माझ्या खणात पडून आहे.
‘अपूर्ण’ खोडलं. ‘पूर्ण’ लिहवत नाही.
सध्या एवढंच लिहिलंय, फिकट:
दुसरा वापरात आहे.

तुला याहून बरं काही सुचलं
तर खोडरबर तिथे आहे.