गार इंजिन

शोरूममधल्या पोरानं गाडीभोवती एक फेरी मारली,
टायरला बुटाचं टोक लावलं, मीटरचा फोटो काढला,
कागदावर आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला:
एकवीसशे.
वर म्हणाला, नवी घ्याल तिच्या करातही थोडं सुटेल,
आजच किल्ली द्या, कॉफी घ्या, विषय संपला.

त्यानं एकदाही विचारलं नाही, का विकताय.

डुलुथला त्या आठवड्यात सरोवरावरचं धुकं हटत नव्हतं.
घरी येऊन वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
बाहेर विकली तर चौतीसशे.
मधले तेराशे डॉलर म्हणजे
अनोळखी माणसं दारात उभी करणं,
रविवारी येतो म्हणून न येणाऱ्यांसाठी
अंघोळ लवकर उरकून बसणं,
आणि त्या एका प्रश्नाला दर वेळी नवं, हसरं उत्तर शोधणं.
एकाला म्हटलं, गॅरेजात जागा नाही.
एकाला म्हटलं, नवऱ्याला आवडत नाही.
(नवरा चौदा वर्षांपूर्वीच विनिपेगला गेला. सुखात आहे म्हणे.)
खुब्याचं कुणाला सांगितलं नाही.
लाल दिव्यापाशी डावा पाय टेकला
की तो टेकलाय हे मला एक सेकंद उशिरा कळतं.
अडीचशे किलो आडवं व्हायला
तेवढा सेकंद पुरतो.

केंग शोंग शनिवारी नऊला आला,
सेंट पॉलहून अडीच तास, थोरल्या बहिणीच्या गाडीतून.
ते यायच्या आधी वीस मिनिटं
मी इंजिन चालू करून ठेवलं होतं.
गार असली की ती रुसते,
चोक ओढून तीन-चारदा मिनतवारी करावी लागते.
विकणाऱ्यानं हे सांगायचं नसतं.

पोरानं रंग बघितला नाही, क्रोम बघितलं नाही.
हातमोजा काढून
तळवा इंजिनावर ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा.
"गरम आहे," म्हणाला.
एवढंच. आवाजही चढवला नाही.
सत्तावीस वर्षं मी टपाल निवडलं,
चुकीचा पत्ता हातात येताच कळायचा मला.
आता मीच चुकीच्या पत्त्यावर उभी होते.

म्हटलं, बसा. गार होऊ दे.
पायरीवर तिघं बसलो, चांगला तासभर.
तेवढ्या वेळात सगळं बाहेर आलं:
चोकचं, थंडर बेच्या रस्त्यावर
हरणापायी चेपलेल्या पाइपचं,
टाकीखालच्या गंजाचं, ज्यावर मी
नेलपॉलिश फासलं होतं,
आणि खुब्याचं.
कुणी विचारलंही नव्हतं.
बहीण म्हणाली, आमच्या आईचा बदलला मागल्या साली.
आता जिना चढते, आणि वर जाऊन आम्हाला ओरडते.

मग त्यानं चोक ओढला.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
चौथ्याला उठली, खोकत.
एकोणतीसशे, तो म्हणाला. मी घासाघीस केली नाही.
फेरीला न्यायची तर आधी पैसे
विकणाऱ्याच्या हातात ठेवायचे, ही इथली रीत.
त्यानं नोटा दोनदा मोजल्या
आणि उतारावरून गेला.

पैसे माझ्या मुठीत, गाडी त्याच्या.
पसंत पडली नाही तर दोन्ही परत फिरणार.
अजून काहीच विकलं गेलं नव्हतं.
धुक्यात दिसत काही नव्हतं, आवाज तेवढा येत होता.
पहिला. दुसरा.
तिसरा त्यानं फारच उशिरा टाकला.
माझ्या डाव्या पायाची बोटं, बुटाच्या आत,
त्याच्या कितीतरी आधी
वर उचलली गेली होती.