मधलं पान

शनिवारी पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात
मेंटेनन्सचं रजिस्टर बाजूला सारून
मी टेबलावर पुस्तकं मांडते.
घणसोली, सेक्टर सात.
फळ्यावर थकबाकीदारांची नावं,
खाली चटईवर त्यांचीच मुलं.

आज अस्वलाचं पुस्तक.
अस्वल झोपतं. झाडाची पानं गळतात. बर्फ पडतो.
"फ्रीजरमधला?" हर्षिका विचारते.
तसाच, म्हणते मी, फक्त बिल येत नाही.

पान दहा.
आणि एकदम तेरा.
मधलं कधीचंच फाटून गेलंय.
दहावर काटकुळं झाड,
तेरावर त्याच झाडाला पाखरांचा घोळका,
आणि अस्वलाला पिल्लू.
"बाई, मध्ये काय झालं?"

वसंत, म्हणाले मी.
"ते तर तीनशे दोनमधले आजोबा!"

उठवलं सगळ्यांना. गेटपाशी नेलं.
तिथला बदाम
तांबडी झालेली पानं एकेक करून सोडत होता,
वॉचमनचा खराटा त्याच्यामागे.
सोडलेल्या प्रत्येक जागी, नखाएवढं,
काहीतरी मिटलेलं.
हर्षिकाची जीभ आपोआप
पडलेल्या दाताच्या खिंडीत गेली.

पूर्वेश भोईर झाडाकडे बघतच नव्हता.
खाली वाकून त्याने पँटचा काठ दाखवला.
आईने शिवण उसवून लांब केलेली,
विटक्या निळ्याखाली दोन बोटं गडद निळा पट्टा.
"बाई, मागच्या वर्षी मी इथे संपायचो."

परत येऊन कोऱ्या कागदावर सगळ्यांनी
मधलं पान काढलं.
कुणी खराटा काढला, कुणी दात.
एकाने नुसता काळा खडू घासला,
"अस्वल झोपलंय ना, लाईट बंद आहे."
सगळे कागद चिकटवले.
पुस्तक आता मिटत नाही, पोटुशीसारखं फुगलंय.

रात्री लेकीला फोन केला. पुस्तक तिचंच.
आठवतं का गं, त्या पानावर काय होतं?
"काहीच नाही. नुसती माती.
एका कोपऱ्यात थोडा ओला बर्फ."
मग हसली.
"तू तिथेच थांबायचीस, आई.
म्हणायचीस, एवढ्यात उलटू नकोस, बघ नीट.
मला पिल्लू बघायची घाई असायची.
म्हणून मीच फाडलं."