खाडा

मुकादमाला लिहिता येत नव्हतं,
म्हणून वही माझ्याकडे.
लिंबाजी बोलायचा, मी मांडायचो:
कोयता नंबर सात, उचल एवढी, किराणा एवढा,
खाडा.

रविवारी हीच बोटं खडू धरायची.
आजऱ्याच्या चर्चमागच्या खोलीत
पोरांकडून घोकून घ्यायचो मी
आभाळापर्यंत ओरडत जाणारी पापं.
अडवलेली मजुरी त्यात सगळ्यात शेवटी,
तिथं येईस्तोवर तास संपायचा,
पोरं चपला शोधायला लागायची.

डिसेंबरात शिवकन्या खोपीत बाळंत झाली,
फडाच्या कडेला, सासूच्या हातांवर.
गोठ्याची उपमा मी देणार नाही,
दर नाताळला वापरून आम्ही ती गुळगुळीत केलीय.
शिवाय त्याच फडातलं पाचट
आदल्याच संध्याकाळी मी नेलं होतं
चर्चचा गोठा शाकारायला.

कोयता अर्धा पडला.
लिंबाजी म्हणाला, मांड.
दिवसाला पाचशे, तीन फुल्या, दीड हजार.
अक्षर चांगलं आहे माझं.

पट्टा पडला, टोळी गेली, वही कपाटात राहिली.
उपवासाच्या दिवसांत कबुलीला बसलो.
म्हटलं, फादर, एका बाईवर अन्याय झाला.
जाळीपलीकडून फादर इनास म्हणाले,
झाला, की केलास?
केला.
किती रुपयांचा?

मला वाटलं होतं, दहा प्रार्थना सांगतील,
फार तर दानपेटी.
ते म्हणाले, पेटी कशाला मध्ये?
देवाचे थोडेच बुडवलेस.
जिचे आहेत तिला दे.
आणि दान केल्यासारखा हात वर धरू नकोस.

मुकादमाकडे धाडले असते
तर उचलीत जिरले असते.
कार्तिकापर्यंत थांबलो.
यंदा टोळी भडगावच्या पुलापाशी उतरली,
दुसऱ्याच कारखान्याला.
खोपींच्या ओळीत तिसरी तिची.
पोरगं घमेल्यात बसून कांडं चोखत होतं,
ज्याच्या जन्माचे मी पैसे कापले होते ते.

माफीचं वाक्य एसटीत पाठ केलं होतं.
तिनं ते ऐकायला वेळ दिला नाही.
पदराला हात पुसून नोटा घेतल्या,
मोजल्या, पुन्हा मोजल्या.
तीन न्हाईत, म्हणाली, चार.
चौथ्या दिशी मी मोळ्या वाहिल्या, लेकरू सासूपाशी ठिवून.
बांधावरनं तुमी बघत होता की.

वही उघडली.
पान मधोमध दुमडलेलं होतं.
नखानं सरळ केलं.

दुमडीत होती चौथी फुली.
अक्षर माझंच.