खाऱ्या पाण्यातला सांधा

पहिली भिंत रात्री अडीचला पडली.
आवाज लहानसाच. पेल्यात कवळी टाकावी, तेवढा.
मी कवळ्या बनवतो, म्हणून हीच उपमा सुचते.

अमळनेरात, बोरीच्या पुलाअलीकडे,
दुकानाच्या मागच्या खोलीत चार फुटांची काच,
आणि तिच्या तळाशी ढीग होऊन पडलेले प्रवाळखडक:
पांढरे, भोकाभोकांचे, हलके,
कुणाच्या तरी तोंडातून काढल्यासारखे.

चिकटवले होते नुसत्या गोंदाने,
तीस सेकंदांत धरतो तो.
धरतो खरा, पण ठिसूळ.
सोडायला त्याला एक सेकंदही लागला नाही.

मग उधारीच्या वहीत, मागच्या पानावर लिहू लागलो.

सिमेंट. स्वस्त, जन्माचं.
पण त्याचा चुना उतरेपर्यंत सहा आठवडे
बादलीत बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, म्हणतात.
रोज!
आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी,
तोही पहाटे, चाळीस मिनिटं.
खोडलं.

फोम. फुगतो, फटी भरतो, काळ्या रंगातही मिळतो.
पण त्याचा ओढा वरच्या दिशेने,
आणि मला भिंत हवी होती, होडी नको.

गुलाबी अ‍ॅक्रिलिक. हे माझं, हिरड्यांचं,
डबाभर घरात पडलेलं.
याच्यापाशी दोन रात्री अडलो.
पण कच्चं राहिलं तर त्याची चव जिभेवर बसते,
गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून दारात.
मासा कुठल्या दारात येणार?

एपॉक्सी पुट्टी. दोन रंगांची कांडी, मळून एक करायची.
पाण्याखालीही धरते. दोन दिवस
फेस काढणारं यंत्र उतू जातं म्हणे, जाऊ दे.
फक्त वैशाखात, आमच्या हातात,
मळता मळताच तिचा दगड होतो.

झिपरूआबा मोरीची फरशी बसवायला आला होता.
हात पुसत आत डोकावला.
एक खडक उचलला, तोलला, कानाशीही नेला.
"हाऊ दगड शे का हाड?"
मग खाली बसला आणि माझी वही न वाचता
तुकडे फिरवू लागला,
एकेकाची बाजू शोधत.
"भाऊ, दगडले आंग ऱ्हास.
पहिले बसाड, मंग चिकटाड."

तासाभरात भिंत उभी. कशाशिवाय.
मधून हात जाईल एवढ्या फटी.
मी म्हटलं, आबा, तरी गोंद लागेलच,
रात्री गोगलगायी ढकलतात.
"गोगलगाय भिंत पाडस?"
आणि तो इतका हसला
की फरशीचा माल तिकडे वाळून गेला.

दुसऱ्या पहाटे पाचला, नळाच्या दिवशी,
पुट्टी फ्रीजमधून काढली, लोण्याच्या वाटीशेजारून.
खाली गोंद, मध्ये पुट्टी, वर पुन्हा गोंद:
कळण्याच्या भाकरीत ठेचा दाबतात तसं.
मी हातमोजे घातले. आबाने नाही.
त्याने अंगठ्याने दाबलं, नुसत्या,
आणि मग तोच अंगठा तासभर रॉकेलने घासत बसला.

समुद्र त्याने पाहिलेला नाही.
बोरी तापीला मिळते, तापी समुद्राला,
हे त्याला ठाऊक आहे.
"जास ती जासच," म्हणतो.

आता आठ महिने झाले.
खडकांवर जांभळी पुटं चढलीत,
कुठला सांधा कशाचा, मलाही सांगता येत नाही.
डावीकडून तिसरा तेवढा ओळखतो:
तिथे अंगठ्याच्या रेषा आहेत, गोल गोल,
आणि जांभळा रंग त्यांच्या खाचांतून
सावकाश, एकेक वळण घेत आत चाललाय.

आबा बाजाराच्या दिवशी येतो.
काचेवर टिचकी मारतो, मासे बिचकतात.
भिंतीकडे असं बघतो
जसं लग्न करून दिलेल्या लेकीकडे बघावं.
"काय भाऊ, मीठ लागनं का तिले?"

अजून नाही, मी म्हणतो.
अजून नाही, आबा.