सोळावा भाग

सेलूच्या जुन्या मोंढ्यात, घड्याळवाल्याच्या बोळीत
सात बाय दहाचं माझं मॅचिंग सेंटर.
फॉल, पिको, अस्तर, हूक, बटणं.
भाचीनं मोबाइलात काहीतरी घालून दिलं
आणि दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसताना,
काउंटरवर कोरिया उघडायला लागला.

तिथंही एक दुकानदारीणच.
समुद्राकाठच्या चढावर तिचं बटणांचं दुकान.
काचेच्या बरण्यांत शिंपल्याची, शिंगाची, पितळेची बटणं,
दार ढकललं की किणकिण.
सगळे हिंदीत बोलतात.
ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात
थकलेल्या उधारीसारखे.

मी आधी दुकानच बघितलं, धंद्याच्या नजरेनं.
एका बटणासाठी बाई तासभर बरण्या धुंडाळते
आणि पैसे घेत नाही!
कुणी भाव पाडत नाही,
कुणी 'वहीत मांडा' म्हणत नाही,
लेकरू कडेवर घेऊन आलेली कुणी
चार रिळं उन्हात नेऊन बघत नाही
आणि 'आणखी फिरून येते' म्हणून जात नाही.
लाइट बिल कोण भरतं हिचं?

मग तो आला. उंच. काळा कोट,
कोटाचं तिसरं बटण गायब.
कोट बापाचा. बाप गेलेला.
असं बटण आता कुठं मिळायचं,
म्हणजे हा रोज येणार,
हे मला पहिल्याच भागात कळलं.
एकवीस वर्षं बटणं विकते मी.
सगळीच नवीन लावून टाका म्हणणारा
आणि तेवढं एकच शोधू म्हणणारा,
यातलं कोण अडकलंय
ते सांगायला कोरिया लागत नाही.

तिच्या हातावर हात ठेवायला त्याला अकरा भाग लागले.
अकरा!
एवढ्यात माझं लग्न होऊन मोडलंसुद्धा होतं.
पाथरीचा होता. तो विषय नाही.

दर दोन महिन्यांनी परळीहून पॅसेंजरनं
उत्तरेश्वर मशीनवाले येतात.
पिकोची मशीन आडवी करतात,
तेलाच्या डबीची चोच आत घालून
तिच्याशीच हळू काहीतरी बोलतात.
चहा अर्धाच पितात.
सात वर्षांत आमच्यात झालेलं बोलणं म्हणजे
सुई बारा नंबर का चौदा.

परवा मी पंधराव्या भागात होते.
तो म्हणत होता, दुकान विकून टाक, सेऊलला चल,
तिथं घर आहे, मोठ्या खिडक्या आहेत.
ती बरण्यांकडं बघत उभी.
तेवढ्यात भाग संपला.
मी मोबाइल उपडा ठेवला.
सोळावा बघायचाच नाही.
आपण नाही बघितलं तर ती कशी विकेल?

मशीनच्या मागून आवाज आला,
"विकत नाही बगा ती."

"काय?"

"दुकान. तोच येतो माघारी.
सकाळी ती शटर उचलू लालेली असती, अडकतं,
तर खालून दुसरा हात लागतो."

"तुम्ही कधी बघितलं?"

"मागल्या खेपेला तुमच्या मोबाइलात दिसलं.
मग गाडीत बसून बघितलं.
सोळाच्या सोळा."
आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागले,
पिळलेलाच.

मला राग आला. खरंच आला.
सोळा भागांचा शेवट असा
मशीनच्या पोटातून कुणी सांगतं का?
मजुरीतले वीस रुपये कापले.
त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत.

चारला मानवतची एक बाई आली,
मोरपंखी अस्तर मागत.
माझ्याकडचं जरा हिरव्याकडं झुकलेलं निघालं.
'आणखी फिरून येते' म्हणाली.
या, म्हणलं.

रात्री शटर ओढलं.
आमचंही उजव्या अंगानं अडकतं, चार वर्षं झाली.
ग्रीस लावून देऊ का, असं
दोनदा विचारलं होतं त्यांनी.
मी म्हणलं होतं,
चालतंय.