डिस्पोजलचा माल

लढाई संपल्यावर पुण्याच्या लिलावातून
बाबालाल शिकलगारनं एक अमेरिकन जनरेटर आणला,
रंकाळ्याच्या शेवाळासारखा हिरवा.
उद्यमनगरात झाकण उघडलं तर आत,
जिथं तेलाशिवाय कुणी पोचत नाही,
खिळ्यानं कोरलेली अक्षरं.
पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून वाचलं :
बाईचं नाव दिसतंय. हेझल. साल त्रेचाळीस.

‘बाईनं आवळलंत व्हय हे नट?
लढाईभर हादरून एकबी ढिला न्हाई!’

त्रेपन्न साली रद्दीत एक रंगीत अंक आला.
पानभर फ्रीज, पांढराशुभ्र,
त्याला टेकून हसणारी बाई,
एप्रन, उंच टाचा.
पोरं म्हणाली, चाचा, हीच तुमची हेझल.
त्यानं पान चिमटीत धरून दारापाशी नेलं,
तिच्या नखांत काळं शोधलं.

नव्हतं.

‘काढली आसंल कामावरनं,
गडी माघारी आल्यावर.’
आणि बराच वेळ
नुसताच कानस घाशीत बसला.

दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी वाळू चाळणाऱ्या
हौसाक्काला त्यानं हाक मारली,
हातात पाना दिला.

शनिवारी हजेरी मात्र
चाळणीचीच दिली.