पहिली दोन अक्षरं

बावीस हिवाळे मी मंचाच्या पोटातल्या खड्ड्यात बसलो,
मांडीवर वही, हातात बॅटरी, पान उलटायला बोटावर थुंकी.
वडशापासून कुरखेड्यापर्यंत जिथं मंडई
तिथं माझी कुजबुज पहाटे पाचपर्यंत जागी.
पोस्टरवर ऑर्गनवाल्याचं नाव असायचं,
मंडप ठोकणाऱ्याचंही.

आता भाचीच्या ऑफिसात बसतो.
रेवतानं कंपनीची सगळी नाटकं यंत्रात उतरवली.
काळा पडदा, एक डॉलरची खूण, बाजूला लुकलुकणारी रेघ.
"याला प्रॉम्प्ट म्हनतात, मामा."
मी म्हटलं, पोरी, त्याला मी
तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो.

"आता 'कुं' लिवा. अन् डावीकडची ट्याब दाबा."
दाबली.
कुंकवाच
इथवर धावलं अन् थांबलं,
च उघडाच, मात्रेविना.
टुण्ण.

"दोन नाटकं हायेत ना, मामा,
कुंकवाचा_हिशेब अन् कुंकवाची_उसनवारी.
दोघांचं सारखं हाये तितकंच ते भरते.
पुढं काना का वेलांटी, ते तुमी सांगा.
आनखी एकदा दाबलं तं दोन्ही नावं दाखवते,
पन निवडत नाही."

मी काना दिला, ट्याब दाबली.
हिशेब पुरा झाला, अन् शेवटी एक मोकळी जागा,
नट वाक्य संपवून सोडतो ना श्वास, तेवढी.

सुरुवातीपासूनच जुळवतं ते, मधून नाही.
नुसतं 'हिशेब' म्हणाल तर ओळख देत नाही.
आणि आमची माणसं तर नाटक शेवटानंच मागतात:
"ते नाही का जी, बाई विहिरीत जाते ते!"
त्यांच्यासाठी तारा. तारा म्हणजे इथं काय बी असो,
कितीही असो, काहीच नसलं तरी चालते.
प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक;
पण वेलांटीही तिथं एक माणूस धरतात.
आणि ज्या नावाआधी टिंब, ते ताऱ्यालाही सापडत नाही.
ते खड्ड्यात बसलेलं असतं.
टिंबानंच हाक मारली तर ओ देतं.

पिंपळखुटीची रात्र आठवली. पौष, दव,
मंचावर डोमाजी नाकाडे, पहिला अंक.
"बाबा, मी आज…" म्हणाला अन् अडकला.
खालून मी झटक्यात दिलं, "घर सोडून चाललो."
ते तिसऱ्या अंकातलं होतं.
पहिल्यात होतं, "लग्नाचं बोलायला आलो."
डोमाजी जातिवंत नट, म्हणाला अन् खरंच निघून गेला.
विंगेत हळद लावून नवरी उभी,
ऑर्गनवाल्यानं सुचेल ते वाजवलं,
लोकांनी टाळ्या दिल्या, मालकानं माझे चाळीस रुपये कापले.

"बाबा, मी आज" ही दोन्हीकडं सारखीच होती.
या डब्यानं तिथं टुण्ण केलं असतं.
मला टुण्ण करता येत नव्हतं.
शांततेची भीती वाटायची मला, चुकीपेक्षा जास्त.

औंदा डोमाजीला लकवा मारला.
दुपारी काठी टेकत येतो, बाकावर बसतो.
तोंड उघडतो: "आ…"
अन् सगळे त्याच्यावर शब्द फेकतात,
आंबाडी? आयोडेक्स? आरमोरी?
तो मान हलवतो, हलवतो, मग हलवत नाही.

आज मी हात वर केला. थांबा म्हटलं.
"आ… आप…"
"आपन," मी म्हणालो. तितकंच पक्कं होतं.
पुढं शंभर वाक्यं तोंडाशी आली, गिळली.
रेवताच्या पडद्यावर रेघ लुकलुकत होती.
भिंतीपलीकडं धानाची गिरणी चालू होती.

डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं,
जसं मंचावरून खड्ड्याकडं पाहायचा,
आणि ओठ मिटून पुढच्या अक्षराची तयारी करू लागला.